टर्कीची तंगडी खरी की खोटी?

अमेरिकेत 'रेनेसाँ फेअर' नावाच्या जत्रा भरतात. मोकळ्या मैदानावर सोळाव्या शतकातलं इंग्लिश गाव उभं करायचं, राणी एलिझाबेथच्या काळचे कपडे घालून हिंडायचं, घोडेस्वारांच्या झुंजी बघायच्या आणि खायचं. जाऊन आलेल्या कुणालाही 'काय आठवतं?' असं विचारा, टर्कीच्या तंगडीचं नाव हमखास निघतं. टर्की म्हणजे आपल्या कोंबडीच्याच कुळातला, पण कितीतरी मोठा पक्षी. त्याची अर्धा-पाऊण किलोची, धुरावर शिजवलेली तंगडी हाडाला धरून चालता चालता खायची. ताट नाही, चमचा नाही.

त्या काळात लोक खरंच असं खायचे का?

आधी पक्ष्याचं बघू. टर्की मूळचा अमेरिका खंडातला. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला तो स्पॅनिश जहाजांतून युरोपात पोचला. इंग्लंडमध्ये १५४१ साली आर्चबिशप क्रॅनमर यांच्या काळात धर्मगुरूंच्या जेवणावळींना लगाम घालणारा नियम झाला. मोठ्या पक्ष्यांपैकी आणि माशांपैकी एका वेळी एकच वाढावा, असं त्यात म्हटलं होतं, आणि त्या यादीत टर्की आहे. (नियमाचा कागद हातात आला की हे लक्षात ठेवा: जे कुणी करतच नाही, त्याच्यावर बंदी घालायची वेळ सहसा येत नाही.) १५५० साली विल्यम स्ट्रिकलंड नावाच्या गृहस्थाला मिळालेल्या कुलचिन्हातही टर्की आहे. आपल्याकडेही तो फार मागे राहिला नाही. १६१२ साली मुकर्रबखानाने जहांगीरासाठी गोव्याहून जे नवलाचे पशुपक्षी आणले त्यांत टर्की होता. बादशहाने त्याचं वर्णन लिहून ठेवलं आणि मन्सूरने त्याचं चित्र काढलं. गंमत म्हणजे इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचं नाव दिलं, फ्रेंचांनी हिंदुस्थानचं, आणि पोर्तुगीजांनी चक्क 'पेरू' म्हटलं.

म्हणजे पक्षी खरा. खाण्याची पद्धत मात्र खरी नाही. इंग्लंडमध्ये तेव्हा काट्याचा वापर रुळला नव्हता, लोक हातानेच खात. पण हाताने खाणं आणि लचके तोडणं यांत फरक आहे, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. इरॅस्मसने १५३० साली मुलांसाठी शिष्टाचाराचं पुस्तक लिहिलं. तेलकट बोटं चाटू नयेत, कपड्यांना पुसू नयेत, हे त्यात बजावलेलं आहे. प्रतिष्ठितांच्या घरी मांस कापून तुकडे करून वाढलं जाई. गरिबाच्या वाट्याला रोज येई ती पातळ पेज आणि पाव.

मग हे दृश्य आलं कुठून? त्यात मोठा हात सिनेमाचा आहे. १९३३ च्या 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ' मध्ये चार्ल्स लाफ्टन भाजलेला कोंबडा हातांनी फाडून खातो आणि हाडं मागे भिरकावतो. या भूमिकेला ऑस्कर मिळालं आणि हेन्री राजा लोकांच्या मनात तसाच बसला. चवसुद्धा आपल्या काळातली आहे. या तंगड्या बऱ्याचदा मीठ आणि सोडियम नायट्राइटच्या पाण्यात मुरवतात. नायट्राइटपासून नायट्रिक ऑक्साइड तयार होतो, तो मांसातल्या मायोग्लोबिनच्या लोहाला चिकटतो, म्हणून शिजल्यावरही मांस गुलाबी राहतं आणि चव हॅमसारखी लागते. पायाच्या स्नायूंत मायोग्लोबिन जास्त असल्याने तिथे रंग छान चढतो. माझं शिक्षण विज्ञानातलं, त्यामुळे इथे थोडी रेंगाळले.

आमच्या लॅबमधली एक सहकारी मिनेसोटाची. तिथली जत्रा १९७१ साली सुरू झाली. लहानपणी ती दर वर्षी वडिलांबरोबर जायची, दोघांत मिळून एक तंगडी. वडील हाड धरायचे, ही खायची, आणि नंतर दिवसभर हाताला धुराचा वास. वडील आता नाहीत. जेवणाच्या सुट्टीत ती हे सांगत होती, तर एक पोस्टडॉक म्हणाला, "पण ते सगळं नकलीच असतं ना!" ती हसली आणि डबा बंद करून उठली.

मला ते लागलं. त्याने चुकीचं काही सांगितलं नव्हतं, तरी लागलं. तिने एलिझाबेथच्या काळाबद्दल काही दावाच केला नव्हता. तिची आठवण हा सोळाव्या शतकाचा पुरावा नाहीच, तो विसाव्या शतकाचा पुरावा आहे, आणि त्यासाठी तो चांगला पुरावा आहे.

कारण या जत्रांनाही आता स्वतःचा इतिहास आहे. पहिली भरली १९६३ च्या मे महिन्यात, लॉस एंजेलिसमध्ये. फिलिस आणि रॉन पॅटरसन या जोडप्याने ती केपीएफके या रेडिओ केंद्राच्या मदतीसाठी भरवली होती. हे केंद्र श्रोत्यांच्या वर्गणीवर चालायचं. ते चालवणाऱ्या पॅसिफिका संस्थेला त्याच वर्षी जानेवारीत सिनेटच्या समितीने कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून चौकशीला बोलावलं होतं. फिलिस शिक्षिका होती, घरामागच्या अंगणात मुलांकडून जुन्या इटालियन पद्धतीची नाटकं बसवायची. रेचल ली रुबिन यांनी २०१२ साली या जत्रांवर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी जत्रांचा संबंध साठच्या दशकातल्या बंडखोर तरुणाईशी जोडला आहे. नाव इंग्लंडचं असलं तरी लोक तिथे जात होते ते आपल्याच काळापासून सुटका म्हणून.

आता सहकारीची आठवण पुन्हा वाचा. ताट का नाही? मैदानात हजारो माणसं, धुवायची सोय नाही, विकणाऱ्याला हाडासारखी आयती मूठ दुसरी कुठली मिळणार? तंगडीच का? अमेरिकन घरांत पसंती छातीच्या मांसाला, त्यामुळे पाय त्या मानाने स्वस्त. आणि एरवी मुलीला काट्या-सुरीने नीट खायला शिकवणारा बाप त्या एका दिवशी हाड स्वतः धरून तिला सांगतो, "खा तशीच." जत्रेत कशाची मुभा होती, हे एवढं नेमकं सांगणारा कागद मला तरी कुठल्या दप्तरात मिळाला नसता.