झहीर खान : कौंटीने घडविलेले पुनरागमन

डावखुरा द्रुतगती गोलंदाज झहीर खान याचा जन्म ७ ऑक्टोबर १९७८ रोजी अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील श्रीरामपूर येथे झाला. २००० मध्ये भारतीय संघात दाखल झालेल्या झहीरला दुखापती आणि सातत्याचा अभाव यांमुळे २००६ च्या पाकिस्तान दौऱ्यानंतर संघाबाहेर जावे लागले. श्रीशांत, मुनाफ पटेल हे नवे गोलंदाज पुढे येत असल्याने त्याची कारकीर्द संपल्याचीच चर्चा होती.

अशा वेळी त्याने इंग्लंडमधील वूस्टरशायर कौंटीचा करार स्वीकारला. सॉमरसेटविरुद्ध पदार्पणातच त्याने दहा बळी टिपले. एसेक्सविरुद्ध एका डावात १३८ धावांत ९ बळी घेतले. मोसमाअखेर त्याच्या नावावर ७८ बळी होते. आठवड्यामागून आठवडे दीर्घकाळ गोलंदाजी करताना निव्वळ वेगाऐवजी नियंत्रण आणि स्विंग ही त्याची अस्त्रे बनली.

वर्षअखेरीस दक्षिण आफ्रिका दौऱ्यात तो संघात परतला. २००७ मध्ये ट्रेंट ब्रिज कसोटीत ९ बळी घेऊन तो सामनावीर ठरला. भारताने इंग्लंडमध्ये २१ वर्षांनी मालिका जिंकली. २०११ च्या विश्वविजयात त्याचा वाटा २१ बळींचा होता. २०१५ मध्ये निवृत्त होताना त्याच्या खात्यात ३११ कसोटी बळी जमा होते.