‘पैठण’ नावाखालची पोथी

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्याआधीच्या कागदांत अंबड, भोकरदन शोधायचे तर औरंगाबाद जिल्हा चाळावा लागतो आणि परतूरसाठी परभणी. खेड्यापाड्यांतली जुनी चित्रे जमवणाऱ्याने ही गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. स्थळाच्या नोंदी बदलत राहतात आणि चित्राला मात्र एकच नाव चिकटून बसते. अंबडच्या शेजारचे पैठण हे त्याचे ठळक उदाहरण.

ज्यांना आज आपण ‘पैठण चित्रे’ म्हणतो, ती चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्या चित्रकथींची चित्रे. आरंभीचे नमुने पैठण परिसरातून मिळाले म्हणून हे नाव पडले. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) यांनी ती जिव्हाळ्याने जपली. त्यांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली आणि नंतर सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. पुढे एव्हा रे यांनी १९७८ मध्ये या चित्रांविषयीची साधने तपासून लिहिले, तर आना दल्लापिक्कोला यांचा जर्मन ग्रंथ १९८० मध्ये आला. अभ्यासकांपर्यंत नाव पोचले ते पैठणचेच. पण सिंधुदुर्गातल्या पिंगुळीत ठाकर समाजाने हीच कला घराघरांत चालवली आहे. म्हणजे हे नाव सापडण्याचे ठिकाण सांगते. चित्रे कोणकोणत्या वाटांनी फिरली, याचा पुरावा म्हणून ते वापरता येत नाही.

त्या वाटांसाठी दुसरे कागद पाहावेत. बाराव्या शतकातल्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्याचा उल्लेख आहे. तेवढ्यावरून परंपरेचे वय सांगता येते, आज हाती असलेल्या कागदाचे नाही. पुणे जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटियर १८८५ चे. त्यात चित्रकथी येतात ते भिक्षेकऱ्यांच्या वर्गात. सरकारी लेखणीने ज्यांना मागणारे ठरवले, ते गावाला रामायण-महाभारत रंगवून सांगत होते. दोन्ही गोष्टी एकदम लक्षात ठेवल्या तरच या माणसांचे जगणे समजते.

आता एक पान जवळून पाहू. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. अशा पानांच्या गठ्ठ्याला चित्रकथी ‘पोथी’ म्हणतात आणि एका पोथीत एक आख्यान असते. जैमिनी अश्वमेधातला बभ्रुवाहन घ्या किंवा इंद्रजितवध घ्या. चेहरे बाजूने काढलेले, डोळे टपोरे, रेघ जाड, रंग सपाट. लांब बसलेल्या माणसालाही पात्र ओळखू यावे, अशीच ही आखणी आहे. एक चित्र दाखवून झाले की पान उलटायचे, मागचे चित्र पुढे येते आणि कथा सरकते. पिंगुळीत सोबत वीणा, टाळ आणि हुडूक असतात.

या चित्रांत नांगर किंवा खळे शोधू नये. ग्रामजीवन त्यांच्या वापरात आहे: हाताळून झिजलेल्या कडांत, चिकटवलेल्या पाठीत, पानांच्या क्रमात. म्हणून माझ्या लेखी सुटे चित्र म्हणजे अर्धा दस्तऐवज. बभ्रुवाहनाच्या बाणाचे पान भिंतीवर चौकटीत लावले तर योद्धा दिसतो. आधीचे आणि नंतरचे पान हरवले, तर बाण कुणाला लागला ते मात्र कळत नाही. तो लागला होता त्याच्या बापाला, अर्जुनाला.

म्हणून अंबड-घनसावंगीकडे कुणाच्या माळ्यावर असा गठ्ठा निघाला, तर किंमत विचारण्याआधी वही काढावी. गाव, तालुका, त्या वेळचा जिल्हा, कोणत्या पानाखाली कोणते पान होते, हे लिहून ठेवावे. कथा आठवणारे म्हातारे माणूस घरात असेल, तर ती त्याच्याकडून पानागणिक ऐकावी. आणि दोन चौकटी होतील म्हणून पाठीला चिकटलेले पान सोलू नये. कथा कुठे उलटायची, हे त्या खळीनेच धरून ठेवले आहे.