राजपत्रात विरलेला नियम : औष्णिक वीज, धूर आणि संसद

1. प्रश्न

देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे सरासरी सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे पिंपरी-चिंचवडमधल्या पिंपळे गुरवच्या, महिन्याला 150 युनिट जाळणाऱ्या घराच्या वाट्याला दरमहा साधारण 105 किलो येतो. महावितरणच्या बिलावर हा आकडा नसतो आणि तो धूरही पवनेकाठी दिसत नाही. तो चंद्रपूर, कोराडी, परळी अशा ठिकाणच्या धुराड्यांतून बाहेर पडतो. त्या धुराड्यांवरचे नियम कोण करतो, कोण सैल करतो आणि त्याचा जाब कुणी विचारायचा, हा या विवेचनाचा विषय आहे.

2. अमेरिकेतला मार्ग : उघड मतदान

अमेरिकेत वीजकेंद्रांच्या कार्बन उत्सर्जनावर मर्यादा घालणारा 'क्लीन पॉवर प्लॅन' ऑगस्ट 2015 मध्ये आला. तो रद्द करण्याचा ठराव त्याच वर्षी 17 नोव्हेंबरला सिनेटने 52 विरुद्ध 46 मतांनी आणि 1 डिसेंबरला प्रतिनिधिगृहाने 242 विरुद्ध 180 मतांनी मंजूर केला. राष्ट्राध्यक्ष ओबामांनी नकाराधिकार वापरला. पुढे फेब्रुवारी 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने योजनेला स्थगिती दिली आणि 30 जून 2022 च्या वेस्ट व्हर्जिनिया खटल्यात ही योजना आणणाऱ्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अधिकारालाच कात्री लावली. परिणाम वाईट झाला, पण कोणी कुठल्या बाजूने मत दिले, याची नोंद राहिली.

3. भारतातला मार्ग : मुदतवाढ

आपल्याकडे कोळशावरच्या केंद्रांना कार्बन डायऑक्साइडची मर्यादाच नाही. 2023 मध्ये अधिसूचित झालेल्या कार्बन क्रेडिट व्यापार योजनेच्या पहिल्या यादीतही वीजनिर्मिती नाही. धुराड्यावर बंधन आहे ते धूळ, गंधक, नायट्रोजन आणि पाऱ्याचे. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, 1986 खाली ही मानके 7 डिसेंबर 2015 ला आली. 1 जानेवारी 2017 नंतर सुरू होणाऱ्या केंद्रांना सल्फर डायऑक्साइडची मर्यादा प्रति घनमीटर 100 मिलिग्रॅम ठरली. जुन्या केंद्रांना आकारानुसार 200 किंवा 600. पूर्ततेची मुदत होती दोन वर्षे.

त्यानंतर काय झाले, ते क्रमाने पाहावे. आधी मुदत 2022 पर्यंत गेली. 2021 मध्ये केंद्रांचे 'अ', 'ब', 'क' असे तीन गट पाडून प्रत्येकाला वेगळी तारीख दिली. सप्टेंबर 2022 मध्ये गंधकाची मुदत आणखी वाढली आणि डिसेंबर 2024 मध्ये पुन्हा तीन वर्षे मिळाली. जुलै 2025 च्या अधिसूचनेने 'क' गटाला, म्हणजे देशातल्या सुमारे 78 टक्के केंद्रांना, धुराड्याच्या उंचीची अट पाळल्यास गंधकाच्या मर्यादेतून मोकळे केले. 'ब' गटाचा निर्णय तज्ज्ञ समितीवर सोपवला. सक्ती उरली ती 'अ' गटावर, 2027 अखेरच्या मुदतीने.

4. गटवारीतला अन्याय

'अ' गट म्हणजे राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापासून किंवा 2011 च्या जनगणनेनुसार दहा लाखांवर वस्ती असलेल्या शहरापासून 10 किलोमीटरच्या आत असलेले केंद्र. पिंपरी-चिंचवडची त्या जनगणनेतली लोकसंख्या सतरा लाखांवर आहे. औष्णिक केंद्र पिंपळे गुरवशेजारी असते, तर गंधक गाळणारी यंत्रणा, म्हणजे एफजीडी, सक्तीची झाली असती. परळीजवळ दहा लाखांचे शहर नाही. 'ब' गटाच्या निकषांप्रमाणे ते अतिप्रदूषित क्षेत्रातही मोडत नाही आणि हवेची मानके न गाठणाऱ्या शहरांच्या यादीतही नाही. म्हणून ते 'क' गटात आणि तिथे सूट. 2,920 मेगावॉटचे चंद्रपूर प्रदूषित शहर म्हणून 'ब' गटात बसते आणि त्याचा निर्णय समितीच्या हाती आहे. वीज वापरणाऱ्या महानगरांच्या फुप्फुसाला संरक्षण आणि वीज पुरवणाऱ्या गावाला फक्त उंच धुराडे, असा या गटवारीचा अर्थ होतो.

5. आक्षेप आणि त्यांची छाननी

सूट देणाऱ्यांचे तीन युक्तिवाद आहेत. पहिला : भारतीय कोळशात गंधक कमी, साधारण अर्धा टक्का, आणि केंद्रांजवळच्या हवेतला सल्फर डायऑक्साइड मानकात आहे. पण धुराड्यातून निघालेला हा वायू वाऱ्यासोबत जाताना सल्फेटचे सूक्ष्म कण बनतो. ते मोजायचे तर वायूचे मोजमाप अपुरे पडते.

दुसरा : एफजीडीत चुनखडी वापरल्याने कार्बन डायऑक्साइड वाढतो. हे खरे आहे, पण किती? एका युनिटला सुमारे 650 ग्रॅम कोळसा लागतो. त्यातल्या अर्ध्या टक्का गंधकातून सुमारे 6.5 ग्रॅम सल्फर डायऑक्साइड तयार होतो. तो गाळताना चुनखडीतून सुटतो सुमारे 4.5 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. यंत्रणेला लागणारी सुमारे एक टक्का वीज धरली, तरी एकूण भर 15 ग्रॅमच्या आसपास राहते. कोळशाच्या एका युनिटचे मूळ उत्सर्जन मात्र 900 ग्रॅमच्या वर आहे. ही दीड टक्क्याची भर दाखवून हवामानाच्या नावाखाली गंधक सोडून देणे शास्त्रात बसत नाही.

तिसरा : सल्फेटचे कण ऊन परतवून तापमानवाढ झाकतात. हेही खरे, पण ते कण काही दिवसांत खाली बसतात आणि कार्बन डायऑक्साइड शतकानुशतके राहतो. तेवढ्यासाठी माणसांनी सल्फेट श्वासावाटे घेत राहावे, असा याचा अर्थ होतो.

6. डहाणूचा पुरावा

अंमलबजावणी अशक्य होती, असेही म्हणता येत नाही. डहाणू तालुका 1991 मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या आदेशाने न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण बसले. चिकूबागांच्या त्या तालुक्यातल्या 500 मेगावॉटच्या केंद्राला एफजीडी बसवण्याचा आदेश 1999 मध्ये निघाला आणि 2007 मध्ये यंत्रणा सुरू झाली, म्हणजे देशाचे मानक येण्याच्या आठ वर्षे आधी. पाठपुरावा करणारी स्वतंत्र संस्था होती, हाच फरक.

7. निष्कर्ष

संसदेला हत्यार नाही, असे नाही. 1986 च्या अधिनियमाच्या कलम 26 नुसार प्रत्येक नियम दोन्ही सभागृहांसमोर तीस दिवस ठेवावा लागतो आणि सभागृहे तो बदलू वा रद्द करू शकतात. उत्सर्जनाचा नियम हाणून पाडण्यासाठी अमेरिकेच्या काँग्रेसने जे वापरले, त्याच प्रकारचे हत्यार इथे नियम वाचवण्यासाठी वापरता येते. चंद्रपूरसारख्या 'ब' गटातल्या प्रत्येक केंद्राचा निर्णय कारणांसह जाहीर व्हावा, आणि यापुढची प्रत्येक दुरुस्ती चर्चेशिवाय मार्गी लागू नये, एवढी मागणी पुरेशी आहे. पिंपळे गुरवचा मतदार मावळ लोकसभा मतदारसंघात येतो. त्याने आपल्या खासदाराला अशा दुरुस्तीवर कलम 26 खाली बदलाची सूचना मांडायला लेखी सांगावे. वीज आपण वापरतो, तेव्हा हा पत्रव्यवहार आपलेच काम आहे.