एका फुलपाखराचीं चार नांवें

परसांत कढीलिंबाचें किंवा लिंबाचें एखादें झाड असलें, म्हणजे पावसाळ्याच्या दिवसांत एक काळें फुलपाखरूं त्याच्याभोंवतीं घिरट्या घालतांना हटकून दिसतें. त्याच्या मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची एक ओळ असते, आणि त्या पंखांना पाकोळी पक्ष्याच्या शेपटासारखें एकेक टोंक फुटलेलें असतें. या टोंकावरूनच इंग्रजींत या कुळाला 'स्वॅलोटेल' असें नांव पडलें आहे. थोडा वेळ उभें राहून पाहिलें, तर त्याच झाडावर दुसरेंहि एक फुलपाखरूं येतें. तेंहि काळेंच, पण त्याच्या मागच्या पंखांच्या मध्यभागीं पांढरा डाग आणि कडेला तांबड्या चंद्रकोरी. नशीब असलें तर तिसरेंहि दिसतें. त्याच्या पुढच्या पंखांवर पांढरे पट्टे, आणि मागच्या पंखांवर नुसत्या तांबड्या खुणा. पाहणारा सहज म्हणेल, कीं हीं तीन जातींचीं तीन फुलपाखरें आहेत. युरोपांतील पंडितांनीं पुष्कळ वर्षें तेंच म्हटलें. वास्तविक पहिला नर आहे, आणि दुसरी व तिसरी या त्याच्याच जातीच्या माद्या!

या गैरसमजाचा आरंभ शोधूं गेल्यास स्वीडनच्या राजवाड्यापर्यंत जावें लागतें. तेथील राणी लुइसा उल्रिका ही प्रशियाच्या फ्रेडरिक दि ग्रेट याची बहीण. ड्रॉटनिंगहोम येथील वाड्यांत तिनें शंखशिंपले, कीटक, फुलपाखरें अशा दूरदेशच्या वस्तूंचा मोठा संग्रह जमविला होता. पूर्वेकडे व्यापाराला गेलेलीं जहाजें चहा आणि चिनी मातीचीं भांडीं घेऊन परत येत, तेव्हां त्यांच्याबरोबर वाळलेल्या फुलपाखरांच्या पेट्याहि येत. या संग्रहाची व्यवस्था लावण्याचें व वर्णन लिहिण्याचें काम राणीनें कार्ल लिनियस या विख्यात निसर्गशास्त्रज्ञाकडे सोंपविलें. लिनियसनें १७५८ सालीं 'सिस्टिमा नॅचुरी' या आपल्या ग्रंथाची दहावी आवृत्ति काढली. प्राण्यांच्या शास्त्रीय नांवांची गणना आजहि त्याच आवृत्तीपासून होते.

नांवें देतांना लिनियसनें एक गमतीची युक्ति केली. सर्वांत मोठ्या आणि देखण्या फुलपाखरांना त्यानें सरदारांचा मान दिला, व त्या सरदारांचे ट्रॉयच्या युद्धांतील दोन पक्ष पाडले. ज्यांच्या छातीवर रक्तासारखे तांबडे ठिपके, ते ट्रोजन. ज्यांच्या छातीवर रक्त नाहीं, ते ग्रीक. मग होमरच्या महाकाव्यांतील एकेक वीर उचलून एकेका फुलपाखरावर बसविला. तांबड्या अंगाच्या एका सुंदर हिंदी फुलपाखराला त्यानें हेक्टर म्हटलें. इलियडच्या अखेरच्या सर्गांत हेक्टरच्या मृत्यूनें वेडावलेला वृद्ध राजा प्रायम आपल्या उरलेल्या नऊ पुत्रांवर संतापतो. त्या नवांपैकीं पॅरिस, हेलेनस, डेइफोबस, पॅमन आणि पोलिटीस हीं पांच नांवें लिनियसच्या फुलपाखरांत सांपडतात. यांतील पॅमन हें नांव आपल्या कढीलिंबावरच्या नराला मिळालें, आणि पोलिटीस हें त्याच्याच मादीला! नवराबायकोला दोन सख्ख्या भावांचीं नांवें देऊन लिनियस पुढच्या फुलपाखराकडे वळला.

याबद्दल त्याला हंसणें सोपें आहे, पण तें अन्यायाचें होईल. हिरव्या डोक्याचें रानबदक युरोपांतल्या तळ्यातळ्यांतून पोहत असतें. त्याच्या नरमादीलाहि याच ग्रंथांत दोन निरनिराळ्या जाती म्हणून दोन नांवें पडलीं. डोळ्यांसमोरच्या बदकाची ही गत, तर हजारों मैलांवरून पेटींतून आलेल्या फुलपाखराची काय कथा! पेटींतील फुलपाखराच्या छातींतून टांचणी आरपार गेलेली असते. पंख पसरून, दाबून, सपाट केलेले असतात. अंग वाळून सुरकुतलेलें असतें. तें कोणत्या झाडावर बसलें होतें, त्याच्या मागें कोण उडत होतें, त्यानें अंडीं कोठें घातलीं, यांपैकीं एकहि गोष्ट टांचणीबरोबर येत नाहीं. गांवाचें नांवहि बहुधा नसे. 'आशिया' किंवा 'हिंदुस्थान' एवढ्यावर शास्त्रज्ञाला समाधान मानावें लागे. कपाटाच्या खणांत प्रत्येक फुलपाखरूं एकटें असतें, आणि एकट्याचें नातें ओळखणार कसें?

चित्रकारांनीं हा एकटेपणा आणखी पक्का केला. कार्ल क्लर्क हा स्टॉकहोममधील करखात्याचा अधिकारी. त्यानें १७५९ पासून दुर्मिळ कीटकांचीं चित्रें ताम्रपटांवर कोरून, हातानें रंगवून प्रसिद्ध केलीं. त्याच्या पाठोपाठ ॲम्स्टरडॅमचा लोकरीचा व्यापारी पीटर क्रॅमर पुढें आला. आशिया, आफ्रिका व अमेरिका या तीन खंडांतील फुलपाखरांचा त्याचा सचित्र ग्रंथ १७७५ पासून निघूं लागला. चित्रें काढलीं गेरिट वार्टेनार लॅम्बर्ट्स यानें. क्रॅमर दुसऱ्याच वर्षीं वारला, पण त्याचा सहकारी कास्पार स्टोल यानें काम पुढें नेलें, आणि १७८२ पर्यंत चारशें रंगीत पटांचा हा ग्रंथ पुरा झाला. लिनियसच्या पद्धतीनें परदेशच्या फुलपाखरांचें वर्णन करणारा हा पहिलाच मोठा ग्रंथ होय. फुलपाखरें मूळ आकाराचीं, रंग ताजे, पंखांची वरची बाजू दिसते तशी खालचीहि. घरीं बसून जगाचें वैभव पाहण्याची याहून उत्तम सोय त्या काळीं नव्हती. याच ग्रंथांत कढीलिंबावरच्या त्या तिसऱ्या फुलपाखराला, म्हणजे पांढऱ्या पट्ट्यांच्या मादीला, क्रॅमरनें रोम्युलस असें नांव दिलें. रोम नगरीचा संस्थापक रोम्युलस हा दंतकथेप्रमाणें ट्रोजन वीर ईनियसचा वंशज. म्हणजे पॅमनची एक बायको त्याचा भाऊ, आणि दुसरी त्याच्या आप्ताचा दूरचा वंशज!

चित्रांवर विश्वास किती होता, याचें एक उदाहरण येथें सांगण्यासारखें आहे. लंडनजवळ चेल्सी येथें विल्यम जोन्स नांवाचा एक निवृत्त मद्यव्यापारी राहत असे. मित्रांच्या संग्रहांतील फुलपाखरें समोर ठेवून त्यानें दीड हजारांवर जलरंगी चित्रें काढलीं, आणि तीं छापण्याची खटपटहि केली नाहीं. लिनियसचा शिष्य फॅब्रिशियस यानें तीं पाहिलीं, आणि १७९३ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यांतल्या दोनशेंहून अधिक जातींना नवीं नांवें दिलीं. पुष्कळ ठिकाणीं त्याच्यापुढें फुलपाखरूं नव्हतें, नुसतें चित्र होतें. जोन्सचा हात इतका प्रामाणिक, कीं पुढच्या संशोधकांना त्या चित्रांवरून जाति ओळखतां आल्या. तीं चित्रें ऑक्सफर्डच्या संग्रहालयांत आहेत, व २०२१ सालीं तीं छापून बाहेर पडलीं. पण कितीहि प्रामाणिक चित्र झालें, तरी तें समोर ठेवलेल्या वस्तूचेंच असणार. फॅब्रिशियसच्या ग्रंथांतून आपल्या फुलपाखराला सायरस हें चौथें नांव मिळालें. हुबेहुब नरासारखी दिसणारी अशीहि एक मादी असते. तिच्यासाठीं आज तें चालतें. ग्रीक कथा संपली आणि इराणचा बादशहा घरांत आला.

एक नर, तीन वेषांच्या माद्या, आणि चौघांनाहि पुरुषांचीं नांवें, असा हा संसार. इंग्रजींत पुढें या फुलपाखराला 'कॉमन मॉर्मन' हें सुटसुटीत नांव रूढ झालें, तें अमेरिकेंतील मॉर्मन पंथांत एके काळीं असलेल्या बहुपत्नीकत्वावरून. त्याचा मोठा, निळ्या झांकीचा भाऊबंद 'ब्लू मॉर्मन' महाराष्ट्र सरकारनें २०१५ सालीं राज्याचें फुलपाखरूं म्हणून जाहीर केला. त्याला क्रॅमरनें पॉलिम्नेस्टर हें नांव दिलें होतें. कथेंत हा थ्रेसचा राजा, प्रायमचा जांवई. ट्रॉयचें घराणें अशा रीतीनें आपल्या सह्याद्रींत अजून नांदत आहे.

हीं सारीं नांवें एकाच जातीचीं आहेत, याचें मर्म उलगडून दाखविलें आल्फ्रेड रसेल वॉलेस यानें. हाहि फुलपाखरें धरणाराच. नमुने इंग्लंडला पाठवून विकावे, आणि त्या पैशांवर प्रवास करावा, असा त्याचा क्रम. १८५४ ते १८६२ हीं आठ वर्षें त्यानें मलाया द्वीपसमूहांत काढलीं. म्हणजे कपाटांतील फुलपाखरूं आणि रानांतील फुलपाखरूं या दोहोंशीं त्याचा सारखाच परिचय होता. परत आल्यावर १८६४ सालीं लंडनच्या लिनियन सोसायटीपुढें त्यानें याच कुळावर निबंध वाचला. त्याचें म्हणणें असें, कीं पॅमनच्या माद्या कोणाची तरी नक्कल करीत आहेत. तांबड्या अंगाचें हेक्टर, आणि 'कॉमन रोझ' म्हणून ओळखलें जाणारें दुसरें एक फुलपाखरूं, यांच्या अळ्या सापसंद, म्हणजे ईश्वरी, या विषारी वेलीवर वाढतात. तें विष फुलपाखराच्या अंगांतहि राहतें. एकदां तोंड पोळलेला पक्षी पुन्हां त्यांच्या वाटेस जात नाहीं. रोम्युलस मादी हेक्टरचा वेष घेते, पोलिटीस मादी रोझचा. दोघीहि स्वतः निर्विष. वेषावर तरून जातात.

वॉलेसच्या हातीं भूगोलाचाहि पुरावा होता. पोलिटीसचा विस्तार चीनपर्यंत आहे, पण रोम्युलस मादी मुख्यतः हिंदुस्थान व सिंहलद्वीप एवढ्यांतच मिळते. हेक्टरचें घरहि तेंच! जेथें मूळ नाहीं तेथें नक्कल नाहीं. नर मात्र नक्कल करीत नाहीं. वॉलेसचें उत्तर असें, कीं अंड्यांच्या भारानें मादी मंद उडते, एकेका पानापाशीं थबकते, आणि तिच्या जिवावर पुढची पिढी अवलंबून असते. म्हणून संरक्षणाची गरज तिला अधिक. नकला फार झाल्या तर पक्षी फसेनासे होतील, हेंहि खरें. एकाच वेषाची गर्दी होण्यापेक्षां दोन तीन वेषांत वांटणी झालेली बरी. डार्विनच्या मताला त्या काळीं जे ठळक पुरावे मिळाले, त्यांत या नकलेचें स्थान मोठें आहे. चार खणांत चार जाती म्हणून हीं फुलपाखरें पडून राहिलीं असतीं, तर तो पुरावा कोणालाच दिसला नसता.

तरीहि हा तर्कच होता. निर्णय लागावयाचा तर अंड्यापासून मोजणी हवी, आणि त्यासाठीं टांचणीऐवजीं बरणी, पानें आणि चिकाटी लागते. या कामांत मुंबई इलाख्यानें चांगली कीर्ति मिळविली. १८८३ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकीं एक एडवर्ड हॅमिल्टन एटकिन. याचा जन्म साताऱ्याचा. नोकरी मीठ व जकात खात्यांत. कलेक्टर डेव्हिडसन आणि जंगलखात्यांतील बेल यांच्यासह त्यानें उत्तर कानड्यांत अळ्या आणून, पाळून, कोश होईपर्यंत त्यांच्यावर नजर ठेविली, व सोसायटीच्या नियतकालिकांत त्याचे वृत्तांत छापले. यांच्यापैकीं कोणीहि पेशानें शास्त्रज्ञ नव्हता. सरकारी काम सांभाळून, तंबूंत आणि बंगल्याच्या ओटीवर हा उद्योग चाले.

आपल्या फुलपाखराची वंशावळ पहिल्या महायुद्धापूर्वीं फ्रायर यानें सिंहलद्वीपांत पद्धतशीर मांडली. एकाच आईच्या अंड्यांतून निरनिराळ्या वेषांच्या मुली निघतात, आणि मुलगे सगळे बापासारखे दिसतात, असें त्यानें पिढ्यान् पिढ्या पाळून दाखविलें. मुलगा आईचा वेष रक्तांत बाळगतो, आपल्या मुलींना देतो, पण स्वतः कधीं नेसत नाहीं. १९७२ सालीं लिव्हरपूलचे क्लार्क आणि शेपर्ड यांनीं तोच धागा आणखी पुढें नेला. यांतले क्लार्क हे वैद्य. याच कुळांतील फुलपाखरांच्या आनुवंशाच्या नादांतून ते माणसांच्या रक्तगटांकडे वळले, आणि आईच्या व गर्भाच्या रक्ताच्या विरोधामुळें बालकें दगावत, त्यावर प्रतिबंधक उपाय काढणाऱ्यांचे ते अग्रणी झाले. असल्या नादाला रिकामटेकडेपणा म्हणणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

शेवटची गांठ २०१४ सालीं सुटली. महाराष्ट्राचे कृष्णमेघ कुंटे, अमेरिकेंतील मार्कस क्रॉनफॉर्स्ट आणि त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें, कीं हे सारे वेष 'डबलसेक्स' नांवाच्या एकाच जनुकावर अवलंबून आहेत. कीटकांत नर कोण व मादी कोण हें घडविण्यांत ज्याचा हात असतो, तेंच हें जनुक. त्यानेंच पंखांवरची नक्कलहि आपल्याकडे घेतली आहे.

राणीचा संग्रह आज उप्सालाच्या विद्यापीठांत आहे, आणि लिनियसचा स्वतःचा संग्रह लंडनमध्यें. पॅमन हें नांव मागें पडून संपूर्ण जातीला पोलिटीस, म्हणजे मादीचें नांव, चिकटलें. रोम्युलस आणि सायरस हीं वेषांचीं नांवें म्हणून उरलीं. कढीलिंबाच्या कोंवळ्या पानावर मादी एकेक अंडें सुटें ठेवून जाते. त्यांतून निघणारी अळी प्रथम पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मग हिरवी होते, मग एका धाग्यानें कमरेशीं स्वतःला बांधून घेऊन कोशांत जाते. आंत नर आहे कीं मादी, आणि मादी असल्यास ती कोणाच्या वेषांत बाहेर येणार, हें कोश फुटेपर्यंत पाहणाराला कळत नाहीं.