तारेवरची रांग : अग्रक्रमाच्या न्यायाचा इतिहास



मराठीच्या अध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी इंटरनेटसारखा विषय निवडावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु माझा विषय यंत्राचा नाही, न्यायाचा आहे. मार्ग एकच, तोही अरुंद आणि जाणारे पुष्कळ. अशा वेळी आधी कोणी जावे आणि कोणी थांबावे? संदेशवहनाच्या इतिहासात प्रत्येक पिढीला हा प्रश्न नव्याने सोडवावा लागला. आज तो जिल्ह्यापुरती सेवा देणाऱ्या लहान इंटरनेट पुरवठादारापुढे उभा आहे.

१८५४ साली विल्यम ओशॉनेसी याच्या देखरेखीखाली कलकत्ता, आग्रा आणि मुंबई ही शहरे तारेने जोडली गेली. आग्रा-मुंबई तारमार्ग आपल्या इंदूरवरूनच जात होता. पुढल्याच वर्षी तार जनतेला खुली झाली आणि खुली होताच रांग लागली. १८६५ च्या पॅरिस करारात राष्ट्रांनी क्रम ठरविला : प्रथम सरकारी तार, मग तारखात्याच्या कामाची, शेवटी खाजगी. १८७५ च्या सेंट पीटर्सबर्ग करारात अधिक शुल्काच्या ‘अर्जंट’ खाजगी तारेलाही स्थान मिळाले. म्हणजे प्रथम अधिकाराने आणि नंतर पैशाने रांगेत पुढे जाता येऊ लागले. मात्र तिसरा एक निकषही येथे रुजला. मृत्यूची वा गंभीर आजाराची तार आधी जाई. तेथे पाठविणाऱ्याचा दर्जा पाहिला जात नसे, निरोपाची निकड पाहिली जाई.

टेलिफोन आल्यावर हीच विभागणी ट्रंककॉलमध्ये उतरली. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग हे शब्द माझ्या पिढीला परिचित आहेत. अर्जंटला दुप्पट, लाइटनिंगला आठपट आकार पडे. इंदूरहून पुण्याला ऑर्डिनरी कॉल नोंदवून तासन्‌तास वाट पाहणारी कुटुंबे आपण पाहिली आहेत. ज्याची ऐपत, त्याची घाई खरी, असा तो व्यवहार होता. १९६० साली कानपूर-लखनौ दरम्यान थेट डायलिंग सुरू झाले आणि हळूहळू ही रांग ओसरली. अन्याय दूर झाला तो उपदेशाने नव्हे, मार्ग रुंद झाल्याने; ही गोष्टही ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

इंटरनेटमध्ये निरोपाचे लहान लहान तुकडे होतात. त्यांना ‘पॅकेट’ म्हणतात. १९८१ साली या पॅकेटांचे नियम निश्चित झाले, तेव्हा प्रत्येक पॅकेटच्या माथ्यावर अग्रक्रमाच्या आठ पायऱ्यांची सोय ठेवली गेली. पायऱ्यांची नावे होती ‘रूटीन’, ‘प्रायॉरिटी’, ‘इमिजिएट’, ‘फ्लॅश’ अशी. ती लष्करी तारसंदेशांची परिभाषा होती. जुनी तार अशी नव्या यंत्रात शिरली. परंतु सार्वजनिक जाळ्यावर ही सोय बहुधा निरुपयोगीच राहिली. कारण स्वतःच्या पत्रावर स्वतःच ‘तातडीचे’ लिहिण्याची मुभा असली, की कोणाचेच पत्र तातडीचे राहत नाही.

ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात बर्कली येथे, जेमतेम चारशे यार्डांवरील दोन संस्थांमध्ये, वहनाचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. पॅकेट हरवले की संगणक ते पुन्हा पाठवी. त्याने गर्दी वाढे आणि अधिकच पॅकेटे हरवत. १९८८ साली व्हॅन जेकबसन यांनी मांडलेला उपाय थोडक्यात असा : गर्दी जाणवताच पाठविणाऱ्याने स्वतःच वेग कमी करावा आणि वाट मोकळी दिसली तर तो बेताने वाढवावा. १९८९ मध्ये ॲलन डिमर्स, श्रीनिवासन केशव आणि स्कॉट शेंकर यांनी ‘न्याय्य रांगे’ची रीत मांडली. तीत प्रत्येकाची रांग वेगळी आणि पाळीपाळीने प्रत्येकाला संधी. मोठ्या भाराच्या गाडीने लहान गाडीची वाट अडवायची नाही.

आता आपल्याकडे वळू. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट जनतेला खुले केले. नोव्हेंबर १९९८ च्या धोरणाने खाजगी पुरवठादारांना वाट मिळाली. समजा, एका लहान पुरवठादाराने १०० मेगाबिटची जोडणी घेतली आणि १० मेगाबिटपर्यंतचा वेग सांगून १०० घरांना दिली. सारे एकाच वेळी वापरत नाहीत, या भरवशावर हा व्यवसाय चालतो. पण संध्याकाळी घराघरांत चित्रपट सुरू होतात आणि भरवसा डळमळतो. अशा वेळी त्याने काय करावे? दूरध्वनीच्या संभाषणाला सुमारे १०० किलोबिट पुरतात, पण विलंब सोसत नाही. पॅरिस करारातून जन्मलेल्या संघाचा वारस असलेला आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ सांगतो, की एका बाजूचा विलंब शक्यतो १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. उलट, उतरवून घेतली जाणारी मोठी फाइल चार मिनिटे उशिरा आली तरी कोणाचे बिघडत नाही. म्हणून घराघराला समान वाटा द्यावा आणि प्रत्येक वाट्यात संभाषण आधी, फाइल मागाहून, असा क्रम ठेवावा. ही मृत्यूच्या तारेचीच नीती आहे.

याउलट, एखाद्या धनाढ्य कंपनीने पैसे मोजून आपला माल पुढे काढला, तर लाइटनिंग कॉलच परत येईल आणि खेड्यातील मुलाचा पाठ खोळंबेल. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मजकूर पाहून डेटाचे वेगवेगळे दर आकारण्यास मनाई केली. जुलै २०१८ मध्ये सरकारने इंटरनेटवरील समान वागणुकीचे तत्त्व स्वीकारले. वाजवी वाहतूक-व्यवस्थापनाला त्यात मुभा आहे. ‘वाजवी’ या एका शब्दातच सारा इतिहास सामावला आहे.

मित्रहो, रांग ही लाजिरवाणी गोष्ट नव्हे. ट्रंककॉलवाल्याला निदान आपण कोणत्या वर्गात आहोत, हे ठाऊक असे. आज घरी बसलेल्या ग्राहकाला आपण रांगेत आहोत, हेदेखील कळत नाही. म्हणून पुरवठादार लहान असो वा मोठा, त्याने आपल्या रांगेचा नियम ग्राहकाला समजेल अशा भाषेत जाहीर केला पाहिजे, आणि आपण तो मागितला पाहिजे. नागरिकशास्त्राच्या तासाला समतेचा जो पाठ आपण या शाळेत शिकलो, त्याचा हा आजचा स्वाध्याय आहे.