पडद्याचे रूप आणि पूर्वरूप : डेस्कटॉप थीमचा इतिहास (१९८४ ते २०२४)

बीजसंज्ञा : थीम, स्किन, रंगसंगती, मूळस्थिती, वापरकर्त्याचा अधिकार

प्रस्तावना

संगणकाच्या पडद्यावरील खिडक्या, बटणे, मजकूर आणि पार्श्वभूमी यांचे रंगरूप बदलण्याच्या सोयीला आज सर्वत्र 'थीम' असे म्हटले जाते. या सोयीचा इतिहास बहुधा हौसेचा आणि सजावटीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कोणते रंग आले, कोणते मागे पडले, कोणत्या कंपनीने कोणाचे अनुकरण केले, एवढ्यावर तो संपतो. प्रस्तुत निबंधाची भूमिका थोडी निराळी आहे. नवे रूप लावणे ही या इतिहासाची एक बाजू झाली. लावलेले रूप काढून पूर्वस्थितीला येणे ही दुसरी बाजू होय, आणि तिच्याकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. वस्तुतः वापरकर्त्याचा अधिकार कोठवर चालतो, हे या दुसऱ्या बाजूवरूनच अधिक स्पष्टपणे कळते. 'मूळ रूप' म्हणजे कोणाचे मूळ? निर्मात्याने ठरवलेले, की वापरणाऱ्याच्या पडद्यावर कालपर्यंत असलेले? गेल्या चाळीस वर्षांत या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरे मिळाली. त्यांतील काही परस्परविरोधीही आहेत. म्हणून येथे काटेकोर कालक्रमापेक्षा पद्धतींमधील भेदाला अधिक महत्त्व दिले आहे.

थर आणि खोडाखोड

१९८४ साली आलेल्या ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकात वापरकर्त्याला रूपबदलाची अगदी मर्यादित मुभा होती. कंट्रोल पॅनेलमध्ये आठ गुणिले आठ ठिपक्यांचा एक चौकोन असे. त्यातील ठिपके काळे-पांढरे करून डेस्कटॉपच्या पार्श्वभूमीची नक्षी बदलता येई. खिडक्या आणि मेनू यांचे रूप मात्र ठरलेले होते. सर्व आज्ञावली एकसारख्या दिसाव्यात, म्हणजे एक शिकलेल्याला दुसरी सहज वापरता येईल, असा ॲपलचा आग्रह होता आणि तो निराधार नव्हता.

त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये एक्स विंडो सिस्टीमच्या कामाला आरंभ झाला. तिची अकरावी आवृत्ती १९८७ मध्ये आली. एक्सच्या कर्त्यांनी नेमके उलटे धोरण स्वीकारले : प्रणालीने साधने पुरवावीत, रूप कसे असावे हे ठरवू नये. प्रत्येक आज्ञावलीसोबत तिच्या रंगांची व अक्षरांची एक मूलभूत फाइल येई. वापरकर्ता आपल्या स्वतःच्या फाइलीत हव्या त्या घटकासाठी एखादी ओळ लिही, आणि तेवढ्यापुरती ती ओळ ग्राह्य धरली जाई. मूळ फाइलीला हात लागत नसे. स्वतःची ओळ पुसून आज्ञावली पुन्हा सुरू केली की खालचे रूप आपोआप वर येई. या पद्धतीला आपण 'थरांची पद्धती' म्हणू. तिच्यात पूर्ववत करणे ही स्वतंत्र क्रिया नाही. वरचा थर काढणे म्हणजेच पूर्ववत करणे.

मायक्रोसॉफ्टच्या विंडोजने दुसरा मार्ग धरला. विंडोजची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९८५ मध्ये आली. पुढे एप्रिल १९९२ मध्ये आलेल्या विंडोज ३.१ मध्ये तयार रंगसंगतींची एक यादीच कंट्रोल पॅनेलमध्ये होती. 'ॲरिझोना', 'ओशन', 'ब्लॅक लेदर जॅकेट' अशी त्यांतील काही नावे. 'हॉट डॉग स्टँड' ही भडक लाल-पिवळी रंगसंगती तर पुढे कायमची चेष्टेचा विषय झाली. या योजनेचे तांत्रिक मर्म असे की, पडद्याच्या प्रत्येक भागाला नाव होते : खिडकीची पार्श्वभूमी, खिडकीतील मजकूर, शीर्षकपट्टी, मेनू इत्यादी. आज्ञावलीने स्वतः रंग ठरवायचा नाही, 'गेट-सिस-कलर' या कार्याद्वारे तो प्रणालीला विचारायचा. रंग बदलला की सर्व खिडक्यांना संदेश जाई आणि त्या स्वतःला नव्याने रंगवत. एका ठिकाणी केलेली निवड सर्व आज्ञावलींना लागू व्हावी, अशी ही सोपी आणि उदार व्यवस्था होती.

तथापि तिच्यात एक उणीव होती. निवडलेल्या रंगसंगतीची मूल्ये 'विन डॉट आयएनआय' या फाइलीत आधीच्या मूल्यांच्या जागी लिहिली जात. खाली कोणताही थर उरत नसे. 'विंडोज डिफॉल्ट' हे यादीतील अनेक नावांपैकी एक नाव होते, इतकेच. वापरकर्त्याने स्वतः जुळवलेले रंग नाव देऊन जपून ठेवले नसतील, तर दुसरी रंगसंगती निवडताच ते नाहीसे होत. याला 'खोडाखोडीची पद्धती' म्हणता येईल. तिच्यात मूळस्थितीला येणे म्हणजे कंपनीने आखलेल्या स्थितीला येणे. स्वतःच्या कालच्या स्थितीला येण्याची हमी तिच्यात नव्हती.

दिसत नसताना परतणे

नावाने रंग विचारण्याच्या या व्यवस्थेचा खरा कस सजावटीत लागला नाही, तो दृष्टी अधू असलेल्या वापरकर्त्यांच्या बाबतीत लागला. अशा अनेकांना पांढऱ्या पार्श्वभूमीवरील काळा मजकूर वाचताना त्रास होतो. काळ्यावर पांढरा किंवा पिवळा मजकूर त्यांना वाचता येतो. त्यांच्या दृष्टीने थीम ही हौस नाही, ते वाचनाचे साधन आहे. अनेक आज्ञावलीकारांनी मात्र नियम अर्धाच पाळला. पार्श्वभूमी प्रणालीला विचारली आणि मजकुराचा रंग काळा म्हणून स्वतःच पक्का केला. नेहमीच्या पांढऱ्या पडद्यावर ही चूक दिसतच नसे. वापरकर्त्याने पार्श्वभूमी काळी केली की काळ्यावर काळी अक्षरे उमटत आणि ती आज्ञावली त्याच्यापुरती बंद होई. ही चूक अगदी अलीकडच्या आज्ञावलींतही आढळते, आणि तिचे कारण तेच आहे : लिहिणाऱ्याने स्वतःच्या पडद्यापलीकडे पाहिलेले नसते.

विंडोज ९५ मध्ये अशा वापरकर्त्यांसाठी 'हाय कॉन्ट्रास्ट', म्हणजे ठळक रंगभेदाची रंगसंगती आली. ती लावण्यासाठी डावीकडील ऑल्ट, डावीकडील शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन या तीन कळा एकत्र दाबण्याची सोय होती. त्याच कळा पुन्हा दाबल्या की आधीची रंगसंगती परत येई. या छोट्या सोयीचे ऐतिहासिक महत्त्व मोठे आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते. पडदाच वाचता येत नसेल तर पडद्यावरचा मेनू शोधून रंग पूर्ववत करणार कसे? परतीची वाट पडद्याच्या सुवाच्यतेवर अवलंबून असेल, तर जेव्हा तिची गरज सर्वाधिक तेव्हाच ती बंद असते. तीन कळांच्या या जोडीने ती वाट पडद्याबाहेर, हाताच्या बोटांत आणून ठेवली. शिवाय ती परत नेई ती कंपनीच्या मूळस्थितीकडे नव्हे, वापरकर्त्याच्या स्वतःच्या पूर्वीच्या निवडीकडे. खोडाखोडीच्या पद्धतीत थरांच्या पद्धतीचा हा एक स्वागतार्ह शिरकाव होता.

स्किनचा काळ

१९९५ मध्ये विंडोज ९५ सोबत 'मायक्रोसॉफ्ट प्लस' हा वेगळा विकला जाणारा संच आला. त्यातील 'लिओनार्दो दा विंची', 'डेंजरस क्रीचर्स', 'ट्रॅव्हल' यांसारख्या थीममध्ये रंगांबरोबर चित्रे, चिन्हे, माउसचे बाण आणि आवाजही होते. रूपबदल आता रंगांच्या कोष्टकापुरता राहिला नाही.

याहून मोठा बदल घडवला तो विनॲम्प या गाणी वाजवणाऱ्या आज्ञावलीने. ती १९९७ मध्ये आली, आणि १९९८ मधील दुसऱ्या आवृत्तीच्या सुमारास तिच्या स्किनचे अक्षरशः पेव फुटले. विनॲम्पची स्किन म्हणजे बटणे, पट्ट्या व अक्षरे यांच्या चित्रफाइलींचा एक दाबून लहान केलेला गठ्ठा. चित्रे रंगवणारा कोणताही प्रोग्राम वापरता येणाऱ्या शाळकरी मुलालाही ती तयार करता येई. तांत्रिक ज्ञानाची अट जवळजवळ उरली नाही, आणि जगभरच्या हौशी मंडळींनी हजारो स्किन केल्या. २०२० मध्ये उभ्या राहिलेल्या विनॲम्प स्किन संग्रहालयात अशा ६५,००० हून अधिक स्किन पाहावयास मिळतात. पूर्ववत करण्याचा प्रश्न येथे सहज सुटला होता. 'बेस स्किन' ही आज्ञावलीच्या आतच असल्याने कोणतीही बिघडलेली स्किन तिला धक्का लावू शकत नसे.

या लोकशाहीलाही एक सीमा होती, आणि ती मराठी वाचकाच्या लक्षात आल्यावाचून राहणार नाही. स्किनमधील एका चित्रफाइलीत रोमन अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे ठरावीक चौकटीत काढलेली असत. गाण्याचे नाव त्या चित्रांचे तुकडे जोडून दाखवले जाई. मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे असलेल्या देवनागरीला त्या चौकटींत जागाच नव्हती. रूपाचे चित्र झाले की ते ज्या लिपीत काढले गेले तिच्यापुरतेच राहते. नावाने रंग विचारणाऱ्या जुन्या व्यवस्थेत ही अडचण नव्हती.

शिक्का कोणाचा?

एकविसाव्या शतकाच्या आरंभी निर्मात्यांनी दोर आवळले. ॲपलने १९९८ मधील मॅक ओएस ८.५ मध्ये थीमची यंत्रणा ठेवली, पण सोबत दिले एकच 'प्लॅटिनम' रूप. वेगळे रूप हवे असणारे 'कॅलिडोस्कोप' या बाहेरच्या सॉफ्टवेअरकडे वळले. मार्च २००१ मधील मॅक ओएस टेनच्या 'ॲक्वा' रूपात निवड उरली ती निळा की करडा एवढीच.

ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीने 'लुना' हे रूप निळ्या, ऑलिव्ह हिरव्या व रुपेरी छटांत दिले. थीमचा साचा बाहेरच्यांना बनवता येण्याजोगा होता. मात्र तिच्यावर मायक्रोसॉफ्टची डिजिटल स्वाक्षरी नसेल तर प्रणाली ती स्वीकारीत नसे. हौशी वापरकर्त्यांनी यावर उपाय म्हणून 'यूएक्सथीम' ही प्रणालीची फाइलच बदलण्यास सुरुवात केली. सर्व्हिस पॅक आला की हे ठिगळ पुन्हा लावावे लागे, आणि बदल फसला तर रंग पूर्ववत करणे म्हणजे प्रणालीची दुरुस्ती करणे होऊन बसे. रूपबदलाची वाट बंद केल्याने रूपबदल थांबला नाही, तो अधिक धोकादायक मात्र झाला.

एक्सपीमध्ये 'विंडोज क्लासिक' हा पर्याय होता. ज्यांना नवे रूप नको, त्यांना ओळखीच्या करड्या खिडक्यांकडे परतता येई, आणि अनेक कार्यालयांनी तेच पसंत केले. हा पर्याय ऑक्टोबर २०१२ मधील विंडोज ८ मधून काढून टाकण्यात आला. पडदा रंगवण्याची नवी यंत्रणा आता कायमची चालू राहणार होती आणि जुन्या पद्धतीचे रेखाटन तिच्याशी जुळणारे नव्हते, हे तांत्रिक कारण खोटे नाही. परंतु परिणाम असा की 'मूळस्थिती' या शब्दाचा अर्थच सरकला. तो शब्द भूतकाळाकडे बोट दाखवतो असे आपण समजतो. प्रत्यक्षात तो निर्मात्याच्या वर्तमानाकडे नेतो.

मुक्त सॉफ्टवेअरच्या क्षेत्रातही वाद टळला नाही. २०११ मधील ग्नोम ३ मध्ये थीमची निवड मुख्य सेटिंग्जमधून गेली. तिच्यासाठी निराळे साधन वापरावे लागे. गंमत अशी की त्याच ग्नोमच्या सेटिंग्ज साठवण्याच्या यंत्रणेत 'रीसेट' ही आज्ञा जुन्या थरांच्या पद्धतीनेच चालते : ती मूळ मूल्य पुन्हा लिहीत नाही, वापरकर्त्याचे मूल्य केवळ काढून टाकते. २०१९ मध्ये ग्नोमसाठी आज्ञावली लिहिणाऱ्या काहींनी एक जाहीर पत्र काढले. लिनक्सच्या वितरकांनी न तपासलेल्या थीम सर्व आज्ञावलींवर लादू नयेत; त्याने आज्ञावलीचे रूप मोडते आणि तक्रार मात्र तिच्या कर्त्याकडे येते, असे त्यांचे म्हणणे होते. व्यक्तीने स्वतःच्या संगणकावर केलेल्या बदलांना त्यांचा विरोध नव्हता. तक्रार रास्त होती. तरीही २०२१ च्या अखेरीस 'लिबअद्वैता' हा नवा संच आला, तेव्हा त्यावर आधारित आज्ञावलींचे रूप मोठ्या प्रमाणावर निश्चित झाले, आणि वितरकांबरोबर सामान्य वापरकर्त्याचीही मुभा आक्रसली. पुढे मार्च २०२२ मध्ये ग्नोम ४२ ने उजळ व गडद असा दोन रूपांचा पर्याय सेटिंग्जमध्ये दिला.

याउलट केडीई या लिनक्सवरील दुसऱ्या डेस्कटॉपने मोकळीक कायम ठेवली. त्याच्या 'ग्लोबल थीम'मध्ये रंगांबरोबर लहान आज्ञावलीही असू शकतात. मार्च २०२४ मध्ये त्याच्या भांडारातून घेतलेली अशी एक थीम लावताच एका वापरकर्त्याच्या फाइली पुसल्या गेल्या. थीममधील सदोष आज्ञेचा तो परिणाम होता. रूप पूर्ववत करता आले असते. गेलेल्या फाइली रीसेटने येणाऱ्या नव्हत्या. अनोळखी थीमविषयी अधिक ठळक इशारा देण्याची गरज केडीईच्या मंडळींनी त्यानंतर मान्य केली. १९९२ च्या रंगांच्या कोष्टकाने फार तर डोळे दिपवले असते.

विंडोज ११ मध्ये हाय कॉन्ट्रास्टचे नाव बदलून 'कॉन्ट्रास्ट थीम' झाले आहे. डावीकडील ऑल्ट, डावीकडील शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन ही जोडी मात्र तिथेही चालते.