घोड्याचा घोटा आणि साहेबाचा पाय

घोड्याच्या मागच्या पायाचा जो सांधा मागे वळलेला दिसतो, त्याला पुष्कळ लोक गुडघा समजतात. तो गुडघा नव्हे, घोटा होय. खरा गुडघा वर, पोटाच्या कडेला दडलेला असतो. रोमन लोकांनी या सांध्याला वेगळे नावच दिले होते. गुडघा तो ‘जेनू’, गुडघ्यामागची लवण ती ‘पोप्लेस’, आणि जनावराच्या मागच्या पायाचा हा सांधा ‘सुफ्रागो’. इ. स. च्या पहिल्या शतकात शेतीवर लिहिणाऱ्या कोलुमेलाने या सांध्याचे दुखणे असलेल्या खेचरांसाठी त्यावरूनच बनलेले एक विशेषण वापरले आहे.

आम्ही लॅटिन कोणत्याही कॉलेजात शिकलो नाही. गेटवरची सभा आटोपून घरी आल्यावर रात्री कोश उघडून जे जमले, तेवढेच. त्यामुळे हे शब्द कोणाच्या तोंडचे, इकडेच आमचे लक्ष आधी गेले.

शेतीच्या साधनांची एक वाटणी व्हारोने इ. स. पू. 37 च्या सुमारास नोंदवून ठेवली आहे. मुकी साधने म्हणजे गाड्या, अर्धवट बोलणारी म्हणजे बैल, आणि बोलणारी म्हणजे गुलाम! गोठ्यात, तबेल्यात राबत ती ही बोलणारी साधने.

पुढे चौथ्या शतकाच्या अखेरीस किंवा पाचव्याच्या आरंभी वेगेतियसने घोड्याखेचरांच्या वैद्यकीवर ग्रंथ लिहिला. आधीच्या खिरोन आणि अप्सिर्तुस या लेखकांनी कसून शोध घेतला खरा, पण त्यांची भाषा हलकी, असे म्हणून प्रस्तावनेत त्याने नाक मुरडले आहे. परंतु घोड्याचा पाय चाचपण्याची वेळ येताच त्याच्याही लेखणीतून ‘गाम्बा’ हा शब्द उतरला! मूळ ग्रीक, अर्थ ‘वाकण’. तबेल्यात जनावराच्या पायाच्या सांध्याला तो रूढ झाला होता. विद्वानांच्या लॅटिनमध्ये माणसाच्या पायाला ‘क्रूस’ म्हणत. तो आज शरीरशास्त्राच्या पोथ्यांत उरला आहे. इटलीत माणसाचा पाय ‘गाम्बा’ झाला आणि फ्रान्सात ‘जांब’.

‘पेर्ना’ची कथा तर खाटकाच्या दुकानातली. डुकराच्या मांड्या मुरवण्याची कृती कातोने इ. स. पू. दुसऱ्या शतकात दिली आहे. मांड्या रांजणात कातडी खाली करून मिठात पुरायच्या, पाच दिवसांनी वरच्या खाली करायच्या, बारा दिवसांनी काढून वाऱ्यावर टांगायच्या, मग तेल चोळून धुरी द्यायची. ही मांडी म्हणजे पेर्ना. स्पॅनिशमध्ये माणसाच्या पायाला आज ‘पिएर्ना’ म्हणतात, पोर्तुगीजमध्ये ‘पेर्ना’च. गोव्यावर 1510 पासून 1961 पर्यंत राज्य करणारे साहेब स्वतःच्या पायाला हाच शब्द वापरीत. आपल्याकडे कोंबडीची तंगडी रागाच्या भरात माणसाला लागते खरी, पण ती शिवीच राहिली.

राहिला सुफ्रागो. रोमन लोक मताला ‘सुफ्रागियुम’ म्हणत. दोन्ही शब्दांत ‘मोडणे’ या अर्थाच्या धातूचा अंश दिसतो, म्हणून ते एकाच घरचे असावेत, असा तर्क कोणी कोणी लढवला आहे. युनियनच्या निवडणुकांत मते मोजण्यात आमचे अर्धे आयुष्य गेले. मताचे मूळ जनावराच्या घोट्यात सापडते, तर आम्हांला फार आवडले असते. पण विद्वानांचे त्यावर एकमत नाही, आणि मतपत्रिका संशयास्पद असली की ती बाजूला ठेवण्याची आमची रीत आहे.